मदत हवी आहे: स्थलांतरितांच्या मताधिकारामुळे स्थलांतर धोरण बदललं, हे दाखवायचं कसं?

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या प्रबंधासाठी न्यूझीलंडवर काम करतेय आणि एका जागी पार अडकलेय.

तिथे 1975 पासून नागरिकत्व नसलेल्या कायम रहिवाशांनाही संसदेसाठी मत देता येतं. वर्षभर सलग राहिलं की पुरे. माझ्या मावसबहिणीचा पासपोर्ट भारतीयच, पण 2023 मध्ये ऑकलंडच्या केंद्रावर तिने नारिंगी पेनाने दोन खुणा केल्या, एक पक्षाला, एक उमेदवाराला. (उभं राहायला मात्र नागरिकत्व लागतं.) पुढे 1987 च्या स्थलांतर कायद्याने ठरावीक देशांतून येणाऱ्यांना झुकतं माप देणं थांबवलं, 1991 मध्ये गुणपद्धत (शिक्षण, अनुभव, वय यांना गुण देऊन स्थलांतरित निवडणं) आली. या मतांमुळेच हे झालं, असं लिहायचा फार मोह होतो. पण त्याच वर्षांत तिथली अर्थव्यवस्थाही खुली होत होती!

ब्रिटनचं तर उलटंच. राष्ट्रकुलातून येऊन राहिलेल्यांना तिथे मताचा हक्क होता, तरी 1962, 1968 आणि 1971 च्या कायद्यांनी दार लोटतच नेलं.

दोन्हीकडच्या कायद्यांचा कालक्रम लावून झालाय, संसदेतल्या चर्चाही थोड्या वाचल्या. त्यातून क्रम कळतो, कारण नाही. स्वीडनसारखी फक्त स्थानिक मताधिकाराची उदाहरणं नकोत. किचकट संख्याशास्त्र मला येत नाही, आणि हाताशी दोनच महिने आहेत.

मताधिकाराचा परिणाम आर्थिक कारणांपासून वेगळा काढायला नेमकं काय तपासू: पक्षांचे जाहीरनामे, स्थलांतरितबहुल मतदारसंघांतल्या खासदारांची भाषणं, की आणखी काही?