इंग्लंडातल्या कौन्सिलांवर वरून पहारा हवा की नको? (घरं, बिझनेस रेट्स, कचरा सगळंच)

काटकोन:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. वोकिंग घ्या. लाखभर वस्तीचं गाव, कौन्सिलच्या (म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या) हातात वर्षाला खर्चायला साधारण १.६ कोटी पौंड, आणि जून २०२३ मध्ये त्यांनी कलम ११४ ची नोटीस काढली तेव्हा तूट निघाली १२० कोटी पौंडांची! (कलम ११४ म्हणजे जमाखर्च जुळत नाही, आता कायद्याने करावंच लागेल तेवढंच करणार, नवीन खर्च बंद.) उंच टॉवर, हॉटेल, शॉपिंग सेंटर यांच्यासाठी कर्जावर कर्ज काढत गेले. इतकी वर्षं कोणीच कसं विचारलं नाही?

तर विचारणारेच काढून टाकले होते. कौन्सिलांचे हिशोब तपासणारं ऑडिट कमिशन २०१० मध्ये बंद करायचं ठरलं आणि मार्च २०१५ ला कुलूप लागलं. सोशल हाउसिंगमधल्या (कौन्सिल किंवा संस्थांच्या कमी भाड्याच्या घरांतल्या) भाडेकरूंसाठी टेनंट सर्व्हिसेस ऑथॉरिटी होती, ती २०१२ मध्ये गेली. त्यानंतर घरांच्या अवस्थेबद्दल रेग्युलेटरने (या घरांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने) हात घालायचा तो 'गंभीर अपाय' झाला किंवा होण्याची शक्यता दिसली तरच. २०१७ च्या जूनमध्ये लंडनमधला ग्रेनफेल टॉवर, सोशल हाउसिंगचीच उंच इमारत, जळाला, ७२ माणसं गेली, आणि तिथल्या रहिवाशांनी आदल्या नोव्हेंबरातच लिहून ठेवलं होतं की काहीतरी भयंकर झाल्याशिवाय आमचं कोणी ऐकणार नाही.

माझं मत स्पष्ट आहे, सरकारचा पहारा हवा, कडक हवा, आणि बुडायच्या आधी हवा.

रानजाई:
काटकोन, वोकिंगचं उदाहरण सोयीचं आहे हो, पण सगळ्या कौन्सिला टॉवर बांधून नाही बुडाल्या. २०१० नंतरच्या दहा वर्षांत केंद्राचं अनुदान महागाई धरून ४० टक्क्यांच्या आसपास कमी झालं. त्याच काळात म्हाताऱ्यांची देखभाल, अपंग मुलांच्या शाळेच्या गाड्या, बेघर कुटुंबांना तात्पुरती जागा हा सगळा खर्च वाढत गेला आणि यातलं काहीच कायद्याने टाळता येत नाही. मग कात्री कशावर चालते? लायब्ररी, युथ क्लब, रस्त्यातले खड्डे. मी ज्या लायब्ररीत मुलीला दर शनिवारी न्यायचे ती आता आठवड्यातून दोन दिवस उघडी असते, तेसुद्धा स्वयंसेवक येतात म्हणून.

आणि पहारा म्हणजे प्रत्यक्षात काय होतं ते बर्मिंगहॅममध्ये दिसलं. सप्टेंबर २०२३ ला नोटीस निघाली, मग सरकारने कमिशनर (कौन्सिलच्या कारभारावर देखरेख करणारे अधिकारी) नेमले, त्यांची फी कौन्सिलनेच द्यायची, कौन्सिल टॅक्स (घरपट्टी) २०२४ मध्ये ९.९९ टक्के वाढला आणि पुढच्या वर्षी ७.४९. वर मार्च २०२५ मध्ये कचरा कामगारांचा पूर्ण संप सुरू झाला, रस्त्यांवर काळ्या पिशव्यांचे ढीग. कमिशनर तिथेच होते ना? लोकांनी मत कोणाला दिलं होतं, आणि निर्णय कोण घेतंय?

काटकोन:
बर्मिंगहॅमचं निम्मंच सांगताय. समान वेतनाचे दावे तिथे अनुदान कापायच्या आधीपासूनचे आहेत, बायकांना कमी पगार दिला म्हणून कौन्सिलने १०० कोटी पौंडांच्या वर भरपाई दिली आणि तरी तोच प्रश्न परत उभा राहिला. वर ऑरेकलची हिशोबाची सिस्टीम घेतली ती धड चालेना, त्यामुळे खिशात किती आहेत हेच नीट कळेना. हे सगळं लंडनने नाही केलं. कमिशनर आले ते शेवटी आले, माझी तक्रार तीच आहे, आधी कोण बघत होतं.

दुकानवाला:
मी मध्ये बोलतो कारण बिझनेस रेट्स (धंद्याच्या जागेवरचा कर) नुसते शीर्षकात राहिलेत. माझं छोटं दुकान आहे, पुढे किराणा आणि मागे चहा-वडापाव. रेटेबल व्हॅल्यू (जागेचं सरकारने धरलेलं वर्षाचं भाडं, त्यावर कर लागतो) मार्च २०२६ पर्यंत २०,००० होती, म्हणजे छोट्या धंद्याची सवलत शून्य, ती १२,००० पर्यंत पूर्ण आणि १५,००० ला संपते. २०२४-२५ मध्ये दुकानं-हॉटेलांना ७५ टक्के सूट होती तर मला अडीच हजार पौंड आले, एप्रिल २०२५ पासून सूट ४० टक्क्यांवर आणली आणि बिल आलं ५,९८८. दुकान तेच, गिऱ्हाईक तेच, शिवाय दुकानाचा कचरा उचलायला मी खाजगी गाडीवाल्याला वेगळे पैसे देतो, रेट्समध्ये तो येत नाही.

लोकांना वाटतं हा दर कौन्सिल ठरवते. नाही! १९९० पासून दर लंडनहून ठरतो. कौन्सिल फक्त वसूल करते. २०१३ पासून ढोबळमानाने निम्मे स्थानिक पातळीवर राहतात, बाकीचे वर जातात आणि तिथून वाटप होतं. म्हणजे मी नगरसेवकाकडे जाऊन भांडलो तरी त्याच्या हातात फारसं काही नाही, आणि ज्याच्या हातात आहे त्याला माझा रस्ता कुठे आहे तेही माहीत नाही. जितका पहारा वरून जास्त तितकी ही अवस्था जास्त. मी रानजाईताईंच्या बाजूचा.

ओलावा:
मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही सहसा. पण आज लिहिते. आम्ही हाउसिंग असोसिएशनच्या (कमी भाड्याने घरं देणाऱ्या संस्थेच्या) फ्लॅटमध्ये राहतो, नाव नाही सांगत. दोन वर्षं बेडरूमच्या कोपऱ्यात काळी बुरशी, मुलाला रात्रभर खोकला. फोन केला की म्हणायचे खिडक्या उघड्या ठेवा, कपडे घरात वाळवू नका, ब्लीचने पुसा. जानेवारीत खिडक्या उघड्या ठेवायच्या का हो? मला वाटायचं चूक आमचीच, आम्ही स्वयंपाक जास्त करतो, फोडणीची वाफ होते म्हणून असेल. लाज वाटायची तक्रार करायला.

रॉचडेलचा अवाब इशाक वारला तो दोन वर्षांचा होता, डिसेंबर २०२० ची गोष्ट. त्याच्या वडिलांनी २०१७ मध्येच बुरशी दाखवली होती तर त्यांना सांगितलं रंग मारा. कॉरोनरने (मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) नोव्हेंबर २०२२ ला स्पष्ट सांगितलं की मृत्यू बुरशीमुळे. त्यावरून कायदा झाला, २७ ऑक्टोबर २०२५ पासून सोशल हाउसिंगवाल्यांना ओल-बुरशीचा मोठा धोका असेल तर १० कामकाजी दिवसांत तपासणी आणि त्यापुढच्या ५ कामकाजी दिवसांत घर सुरक्षित करायचं काम, आणि अगदी तातडीचं असेल तर २४ तास. मी ईमेलमध्ये फक्त 'अवाब्ज लॉ' हे दोन शब्द घातले, आठव्या दिवशी माणूस भिंतीला मीटर लावत होता. जे दोन वर्षांत झालं नाही ते.

रानजाईताई, तुमची लायब्ररी मलाही हवी. पण माझ्या भिंतीसाठी वरचा कायदाच उपयोगी पडला.

रानजाई:
ओलावा, तुमचं वाचून गलबलून आलं. मुलगा आता बरा आहे का? या कायद्याला माझा विरोध नाही, अजिबात नाही. भाडेकरूच्या हातात तारीख देणारा नियम वेगळा आणि निवडून आलेल्या लोकांच्या डोक्यावर कमिशनर बसवणं वेगळं, मी दोन्ही एकाच पोत्यात घातलं ही माझी चूक.

पण एक लक्षात घ्या, याच सरकारी यंत्रणेने २०१६ पासून चार वर्षं सोशल भाडं दरवर्षी १ टक्का कमी करायला लावलं होतं. भाडेकरूला तेव्हा बरं वाटलं, पण कौन्सिलच्या घरांचा हिशोब वेगळ्या खात्यात असतो, भाड्याच्या पैशातूनच छपरं आणि बॉयलर होतात. ते पैसे आटले तर दुरुस्ती कुठून येणार? आणि १९८० च्या राइट टू बाय मध्ये (भाडेकरूला राहतं घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क) जवळजवळ २० लाख घरं विकली गेली, त्याजागी तेवढी बांधली नाहीत, आज इंग्लंडात १३ लाखांच्या आसपास कुटुंबं सोशल घराच्या प्रतीक्षा यादीत आहेत. हेही वरूनच ठरलं होतं. वरच्यांवर पहारा कोणाचा?

पुणेरी_पगडी:
मी पुण्यातून वाचतोय, थोडं आमच्याकडचं सांगतो. मुंबई, पुण्यात मार्च २०२२ ला मुदत संपली आणि महापालिकांवर प्रशासक बसला, निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नाही. ड्रेनेज तुंबलं की कोणाचा दरवाजा ठोठवायचा? वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यायचा आणि वाट बघायची. तुमच्याकडे कमिशनर आले तरी नगरसेवक खुर्चीवर राहतात, निवडणुका होतात, हा फरक लहान नाही. पण रानजाई म्हणतात ती भीती खरी आहे, 'तात्पुरतं' म्हणून आलेला माणूस किती दिवस राहील हे लोकांच्या हातात नसतं. काटकोन, पहारा हवा म्हणताना मुदत लिहून घ्या.

काटकोन:
पगडी, मुदतीचं मान्य, मी लिहायला हवं होतं. स्लाऊच्या कौन्सिलमध्ये जुलै २०२१ ला कलम ११४ ची नोटीस आणि त्याच डिसेंबरात कमिशनर, आणि पुढे दरवर्षी वाटायचं आता जातील.

पण रानजाई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने मी मागे नाही हटत. मला हवा तो पहारा म्हणजे हिशोब तपासणारा, कर्ज काढताना हात धरणारा, घरात जाऊन भिंत बघणारा. एप्रिल २०२४ पासून रेग्युलेटर १,००० च्या वर घरं असलेल्या प्रत्येक मालकाकडे साधारण चार वर्षांतून एकदा तपासणीला जातो, सी१ ते सी४ ग्रेड देतो, आणि बऱ्याच कौन्सिलांना सी३ मिळालाय, म्हणजे गंभीर त्रुटी आहेत. काहींना तर आपल्या घरांची अवस्था काय आहे याची पूर्ण नोंदच देता आली नाही. हे अनुदानाअभावी झालं म्हणता येईल का? स्वतःची घरं किती आणि कशी आहेत हे माहीत असायला हवं ना.

रानजाई:
नोंद ठेवायलाही माणसं लागतात. सर्व्हेअरची पदंच रिकामी असली की फाइल कोण भरणार?

काटकोन:
आणि तीच पदं भरायच्या ऐवजी वोकिंगने हॉटेल बांधलं.

दुकानवाला:
तुमचं चालू द्या, पण माझा एक प्रश्न राहिलाय. नवीन रेटेबल व्हॅल्यू एप्रिल २०२६ पासून लागू झाली, मला ती जास्त वाटते, शेजारचं तेवढंच दुकान कमी भाड्याने गेलंय. त्यावर हरकत घ्यायला ते चेक, चॅलेंज, अपील वगैरे ऑनलाइन करायचं असतं, कोणी स्वतः केलंय का? दारात येऊन 'आम्ही रेट्स कमी करून देतो' म्हणणारा एजंट पैसे आधी मागतोय, मला तो प्रकार बरा वाटत नाही.

ओलावा:
दुकानवाले दादा, एजंटला देऊ नका. चेक आणि चॅलेंज दोन्ही फुकट आहेत, माझ्या नवऱ्याने त्याच्या मित्राच्या गॅरेजसाठी केलं होतं, मी त्याला विचारून रात्री लिहिते. शेजारच्या दुकानाच्या भाड्याचा कागद मिळाला तर जपून ठेवा.

आणि रानजाईताई, मुलगा बरा आहे. खोली रिकामी केलीय, प्लास्टर काढतायत, सध्या आम्ही चौघं हॉलमध्ये झोपतो.