पडद्यावरचा देश शोधत जाणारे प्रवासी

खिडकीपाशी:
मेक्सिको सिटीत ऑक्टोबरअखेरीस किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला सांगाड्यांची मोठी मिरवणूक निघते. ती पाहून आलेल्या एका परिचितांनी फोटो दाखवले आणि म्हणाले, "शेकडो वर्षांची परंपरा आहे." मी गप्प बसलो, पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. ही मिरवणूक सुरू झाली २०१६ साली. आदल्या वर्षी आलेल्या 'स्पेक्टर' या बाँडपटाच्या सुरुवातीला ती दाखवली होती, निव्वळ चित्रपटासाठी रचलेली. आता पर्यटक ती शोधत येणार, हे ओळखून तिथल्या सरकारने ती खरोखरच काढली. ज्या सणानिमित्त ती निघते तो मृतांचा दिवस, म्हणजे गेलेल्यांच्या आठवणीचा सण, मात्र अस्सल आणि जुना: १ आणि २ नोव्हेंबर, घरात मांडलेली वेदी, झेंडूची फुलं, कबरींपाशी जागवलेली रात्र.

सिनेमांमुळे परक्या देशाबद्दल भलत्याच कल्पना होतात, हे रडगाणं जुनं आहे. मला खुपतं ते पुढचं. त्या कल्पना घेऊन आपण इतक्या संख्येने जातो की तो देशच आपल्यासाठी तसा नटून बसतो. मग आपली चूक आपल्याला कळणार कशी?

उलटा नकाशा:
साफ असहमत. प्रत्येक परंपरा कुणीतरी, कधीतरी सुरू केलेलीच असते. इटलीत वेरोनाला दाखवतात त्या रोमिओ-ज्युलिएटमधल्या ज्युलिएटच्या घराची बाल्कनी विसाव्या शतकात बसवलेली आहे. तरी लोक तिच्याखाली उभे राहून हळवे होतात. कुणाचं काय बिघडलं? आणि ती मिरवणूक पाहायला मेक्सिकोचेच लोक पोराबाळांना खांद्यावर घेऊन येतात. त्यांनी कशात रमावं हे तुम्ही कोण ठरवणार?

अर्धी बॅग:
मी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला गेले होते ती 'द साउंड ऑफ म्युझिक' या चित्रपटाच्या नादाने. ज्यांच्याकडे उतरले त्या बाईंनी तो चित्रपट पाहिलेलाच नव्हता! त्यातलं 'एडलवाइस' हे गाणं ऑस्ट्रियाचं लोकगीत असणार असं मी धरून चालले होते. ते निघालं १९५९ च्या ब्रॉडवे संगीतिकेसाठी लिहिलेलं. चित्रपटाच्या शेवटी ते ट्रॅप कुटुंब नाझींपासून पळत डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडला जातं ना? साल्झबर्गच्या त्या डोंगरापलीकडे जर्मनी आहे. तसे गेले असते तर थेट हिटलरच्या दारात. खरे ट्रॅप मंडळी १९३८ मध्ये आगगाडीत बसून इटलीला गेली.

पण एक सांगते. त्या चित्रपटामुळे गेले म्हणूनच १९३८ बद्दल, हिटलरने ऑस्ट्रिया घशात घातला त्याबद्दल, वाचलं. नाहीतर मला ऑस्ट्रियाचं काय पडलं होतं?

उलटा नकाशा:
अगदी हेच! कझाकस्तानचंच बघा. २००६ मध्ये त्या देशाची टिंगल करणारा 'बोराट' हा चित्रपट आला तेव्हा तिथलं सरकार खवळलं होतं. २०१२ मध्ये त्यांच्याच परराष्ट्रमंत्र्यांनी त्या चित्रपटाचे आभार मानले, व्हिसा दहापट वाढले म्हणून. २०२० मध्ये तर त्यातलंच 'व्हेरी नाइस' उचलून पर्यटन खात्याने जाहिरात केली. टिंगलीतूनसुद्धा देश नकाशावर येतो.

खिडकीपाशी:
उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं झालं. त्यातलं 'कझाक' गाव आहे रोमानियातलं ग्लोड. गरीब रोमा (जिप्सी) लोकांची वस्ती. आपली थट्टा, तीही दुसऱ्याच देशाच्या नावाने, चालली आहे याची तिथल्या लोकांना कल्पना नव्हती. नंतर कोर्टात गेले, हाती काही लागलं नाही. कझाकस्तानला पर्यटक मिळाले, ग्लोडला काय मिळालं?

रंगारी:
गोष्टीचं सोडा, मला रंगाबद्दल बोलायचंय. अमेरिकी चित्रपटात पात्र मेक्सिकोत शिरलं की अख्खी फ्रेम पिवळी पडते. धूळ, घाम, डोक्यावर माश्या. मेक्सिको सिटी सुमारे २२४० मीटर उंचीवर आहे. संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. मी नुसते टी-शर्ट घेऊन गेलो आणि कुडकुडलो. खोटी कथा निदान वाद घालून खोडता येते. रंग गुपचूप आत शिरतो, त्याच्याशी भांडणार कसं?

अर्धी बॅग:
रंगारी, भारी मुद्दा. याची उलट बाजू म्हणजे पॅरिस. तिथे सगळं गुलाबी रंगवलेलं असतं. काही जपानी पर्यटकांना प्रत्यक्ष शहर पाहून असा धक्का बसायचा की तिथे काम करणाऱ्या हिरोआकी ओता या जपानी मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला 'पॅरिस सिंड्रोम' असं नावच दिलं. असे रुग्ण मोजकेच, पण शहराने आपल्याला फसवलं असं वाटणारे आपण सगळेच की.

खिडकीपाशी:
आणि ज्या जागेला नटणंही झेपत नाही तिचं काय? थायलंडची माया बे ही खाडी. 'द बीच' या चित्रपटात ती निर्मनुष्य स्वर्ग म्हणून दाखवली. मग तो एकांत अनुभवायला रोज हजारो माणसं बोटींनी उतरायला लागली. प्रवाळ इतके मेले की २०१८ मध्ये किनारा बंद करावा लागला. २०२२ मध्ये उघडला तोही पोहायला बंदी घालून.

उलटा नकाशा:
माया बे मान्य. तिथे मला बोलायला जागा नाही. पण प्रवाळ मरणं आणि मिरवणूक निघणं एका तागडीत घालू नका. मिरवणुकीबद्दल मी अजून ठाम आहे. बरं, त्या परिचितांना सांगितलंत का शेवटी, ती २०१६ ची आहे म्हणून?

खिडकीपाशी:
नाही. फोटो खरंच सुंदर होते हो.