अनुभव धागा : घराच्या दाराला नोटीस लागली तेव्हा

निळं_दार
दिवाळीचा रंग काढलाय. समोरचं दार पॉलिश पेपरनं घासता घासता वीतभर चौकोन दिसला. सगळं दार हिरवं, तेवढाच तुकडा निळा. सासऱ्यांच्या वेळचा रंग. २०१८ ला तिथं बँकेची नोटीस चिकटवली होती. ती ओरबाडून काढली तेव्हा वरचा पापुद्राही निघाला होता. मधे दोनदा घर रंगवलं, पण दाराला हात लावलाच नव्हता. का, ते आज कळलं. हातातला कागद तसाच ठेवून लिहायला बसले.

आमचं कृषी केंद्र होतं, यवतमाळ जिल्ह्यात. बी-बियाणं, खत, औषधं, सगळं हंगामावर उधार. कापूस विकला की पैसे येणार, ते आम्ही कंपन्यांना देणार. २०१७ ला गुलाबी बोंडअळी आली आणि साखळीच तुटली. घरावर ८ लाखांचं गृहकर्ज, त्याच घरावर दुकानाची १२ लाखांची सीसी (कॅश क्रेडिट, धंद्यासाठीची उचल), वर साडेतीन लाख हातउसने. आमची उधारी लोकांकडं याहून जास्त होती, लाल वहीत. मागायची कुणाला? एका घरी हे वसुलीला गेले तर तिथं दहावं चालू होतं. चहा पिऊन परत आले.

पहिल्या नोटिशी ह्यांनी बिलबुकात दडवल्या. मला कळलं ते थेट दारावरच्या कागदावरून. सासूबाईंनी त्यावर कॅलेंडर टांगलं. आठवड्यानं बँकेचा माणूस फोटो काढायला आला, म्हणे मावशी ते कॅलेंडर जरा बाजूला घ्या. ह्या म्हणाल्या, "मले चतुर्थी पाहाची हाय, थांब जरासाक." तो खरंच थांबला, बिचारा.

पुढं दोन एकर विकलं, लोकअदालतीत तडजोड झाली, दुकान गेलं, घर राहिलं. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली असेल तर लिहा. बँकेचं, माणसाचं नाव नको.

पांढरं_सोनं
ताई कॅलेंडरचं वाचून हासू बी आलं अन् रडू बी. आमच्याइथं बँकेची जीप पांदणीत दिसली का बाबा वावरात पये. आम्ही पोट्टे सांगो, बाबा बैलं घेऊन बाजाराले गेले. अन् बैलं मागं गोठ्यात हंबरे.

खमंग_पाटोडी
😂😂 बैलांनी दगा दिला

मास्तर_निवृत्त
माझं स्वतःचं कर्ज शून्य. तरी वसुली झाली. सहकारी शिक्षकाला पतसंस्थेच्या कर्जासाठी जामीन राहिलो. सही कुठं केली सांगू? त्याच्या पुतणीच्या लग्नात, पंगतीत. उजव्या हाताला बुंदीचा पाक, म्हणून कागद त्यानंच धरला होता. चार वर्षांनी सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला आला. त्यात कर्जदाराच्या खाली माझं नाव, तितक्याच ठळक अक्षरात. सहा वर्षं पगारातून कापले. तो आजही भेटतो, नमस्कार करतो. मी पण करतो. आमच्या वेळी शाळेत व्याजाची गणितं मीच शिकवायचो, सातवीला, पुस्तक फार छान होतं, आताच्या पुस्तकात ती मजा नाही. असो.

खमंग_पाटोडी
मास्तर, गाव कोणतं? कारंजा का?

मास्तर_निवृत्त
हो, कारंजा लाड. तुम्ही?

खमंग_पाटोडी
माहेर तिथलंच!! गुरुमंदिराच्या मागं. सासर अचलपूर.

संत्राबाग
एक विचारायचं होतं. बँक वावर पण घेते का? आमचं घर गावठाणात, नमुना ८ वर (ग्रामपंचायतीचा घराचा उतारा) फायनान्सवाल्यानं कर्ज दिलं. सातबारावर दुसऱ्या बँकेचा बोजा.

कोर्टाच्या_पायरीवर
मी वकिलाकडं टायपिंगला आहे, वकील नाही, आधीच सांगतो. बँका ज्या २००२ च्या कायद्यानं थेट ताबा घेतात (सरफेसी), तो शेतजमिनीला लागू नाही. वावरासाठी त्यांना दुसरा रस्ता धरावा लागतो. घराला मात्र लागतो, गावठाणातलं असलं तरी. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीताकडं गेलेलं. मग ६० दिवसांची नोटीस. लोक ती पिशवीत ठेवतात आणि थेट ताब्याच्या वेळी आमच्याकडं येतात. त्या ६० दिवसांत लेखी हरकत दिली तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झाली तर तिथून ४५ दिवसांत नागपूरच्या डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जाता येतं.

बरेच जण विचारतात, सरळ दिवाळखोर जाहीर करून टाकू का. त्याला कायदा आहे, १९२० चा. ५०० रुपयांच्या वर देणं असलं की जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो, ती रक्कम अजून तशीच लिहिलेली आहे. पण गहाण टाकलेलं घर त्यानं सुटत नाही, गहाण घेणारा आपला हक्क बजावतोच. २०१६ चा नवा कायदा आला, त्यातला साध्या माणसाचा भाग अजून लागू केलेला नाही. आमच्याकडं इतक्या वर्षांत नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज एकदाच टाईप केला. त्या माणसानं मालमत्तेच्या यादीत 'सायकल, जुनी, १' लिहिलं होतं.

संत्राबाग
धन्यवाद भाऊ. नोटीस अजून आली नाही, दोन हप्ते थकलेत.

कोर्टाच्या_पायरीवर
मग आत्ताच शाखेत जाऊन बोला. हप्ते नव्यानं बांधून मिळतात का विचारा. एकदा एनपीए झालं की बोलणारा माणूसही बदलतो.

मंगळवारचा_हप्ता
बँक तरी कागद लावते. आमच्या इथं गटाच्या कर्जवाल्या मॅडम येतात अन् सगळ्या बायांले ओट्यावर बसवतात. एकीचा हप्ता आला नाही तं कोनी उठाचं नाई. एकदा माया हप्ता नवता, संध्याकाळ झाली, एकीचं लेकरू दूध प्याले रडून राह्यलं. माया शेजारनीनं पदरातून २०० काढून फेकले माया अंगावर. मी उचलले. पाच गटाचं कर्ज होतं, एकाचं दुसऱ्यात भरो. कानातले गेले, मग पोत गेली. घरावरचे टिनं राह्यले.

निळं_दार
ताई 🙏 काय बोलू.

मंगळवारचा_हप्ता
काई नका बोलू. दोन गट फिटले. भाकरी टाकून येतो.

वऱ्हाडी_ठेचा
सावकाराचा किस्सा माझ्याकडं आहे, मोठा आहे, थोडक्यात लिहितो. काकांनी शेकडा पाचनं घेतले, म्हणजे महिन्याला. गहाणखत नाही, सरळ खरेदीखत करून घेतलं. "पैसे आणा, उलट फिरवून देतो." पैसे नेले तेव्हा म्हणे आता भाव वाढला. कुणीतरी सांगितलं म्हणून सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात अर्ज केला. २०१४ चा सावकारी कायदा आहे. १५ वर्षांच्या आतला व्यवहार असेल अन् सावकारीतून झाला हे चौकशीत दिसलं तर जमीन परत देण्याचा आदेश होतो. तिथंच कळलं की परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ टक्केच घेता येतात. काका म्हणाले, ९? वर्षाले?? दोनदा विचारलं त्यांनी. तीन वर्षं लागली, वावर परत आलं. काकू मात्र म्हणतात, त्या तीन वर्षांत जेवढे चपलांचे जोड घासले तेवढ्यात...

पांढरं_सोनं
आज सोयाबीन काय भाव गेलं कोनाले माहीत हाय का? वाशिमचं

वऱ्हाडी_ठेचा
इथं नको ना भाऊ

पुण्यात_पडलेला
आमच्या घरी बाबांची रिंगटोन 'गण गण गणात बोते' होती. वसुलीवाले दिवसाला वीस वेळा फोन करायचे, सकाळी साडेसहापासून. (८ च्या आधी अन् ७ च्या नंतर करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तेव्हा माहीत नव्हतं.) शेवटी आईनं ती रिंगटोन बदलून घेतली. म्हणाली, शेगावले जाऊन बी दचकते मी. कर्ज फिटून चार वर्षं झाली, फोन अजून कंपनीच्या ट्रिंग ट्रिंगवरच आहे.

खमंग_पाटोडी
🙏 हे वाचून कसंतरीच झालं.

नवा_सभासद_वाचनमात्र
आजवर कधी लिहिलं नाही. नोटीस घेऊन आज ५६ दिवस झाले. दारावर नाही, पोस्टानं आली. घरी कुणाला सांगितलं नाही. पाकीट गव्हाच्या कोठीत आहे.

कोर्टाच्या_पायरीवर
दादा, उद्या सकाळी शाखेत लेखी हरकत द्या. साध्या कागदावर चालेल. दुसऱ्या प्रतीवर पोच अन् शिक्का घ्या. फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, १५१०० ला फोन लावा. व्यनि (खासगी निरोप) केलाय, मजकूर पाठवतो.

निळं_दार
आणि बायकोला सांगा. आज, आत्ता. मला दारावरच्या कागदावरून कळलं त्याचा राग कर्जापेक्षा जास्त दिवस टिकला, खरं सांगते.

मास्तर_निवृत्त
सांगा हो. मी जागा आहे.

पांढरं_सोनं
मी बी

नवा_सभासद_वाचनमात्र
सांगितलं. तिला माहीत होतं. दिवाळीचं दळण काढताना सापडलं होतं, वाचून परत तिथंच ठेवलं म्हणे, मी केव्हा सांगतो ते पाहत होती. आता ती अर्ज लिहून राहिली, तिचं अक्षर चांगलं आहे. मानोऱ्याहून वाशिमला सकाळची पहिली गाडी किती वाजता असते?

पांढरं_सोनं
थांबा, भाच्याले विचारतो, तो डेपोत हाय.