ओहमपेक्षा सेन्सिटिव्हिटी पाहावी
'इम्पीडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा विद्युत विरोध) कमी असला की हेडफोन ॲम्प्लिफायरविना मोबाईलवर चांगला वाजतोच' हे मत मला अपुरे वाटते, कारण सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक विद्युत संकेतावर हेडफोन किती मोठा वाजतो याचा, आकडा त्याहून महत्त्वाचा आहे. एकेजी के७०२ हा हेडफोन ६२ ओहमचा असून १ व्होल्टला १०५ डेसिबल देतो, तर सेनहायजर एचडी ५६०एस १२० ओहमचा असूनही तेवढ्याच व्होल्टला ११० डेसिबल देतो. म्हणजे फोनवर दुसराच मोठा वाजतो. तुलना करताना मात्र दोन्ही आकडे 'प्रति व्होल्ट' आहेत ना, हे तपासावे, कारण काही कंपन्या 'प्रति मिलिवॅट' छापतात.

आरामाचे म्हणाल, तर ठाण्याच्या दमट हवेत रेक्झिनच्या गाद्या कानाभोवती चिकटतात आणि कालांतराने त्यांचे पापुद्रे सुटतात, म्हणून मी मखमली गाद्यांचाच आग्रह धरेन. खिडकी घोडबंदर रस्त्याकडे असेल, तर ओपन-बॅक (कपांची बाहेरची बाजू जाळीदार, उघडी असलेला) हेडफोन घेण्याआधीच विचार करावा. रहदारीचा आवाज त्यातून सरळ कानात येतो.