१/५ हरिकेन मॉडेल: शेपटीकडे ग्लास करू की कापड लावू? आणि पावसाळ्यात रंगाचं काय?

माती_आणि_बाल्सा (डोंबिवली):
नमस्कार मंडळी, तीन वर्षं रखडत रखडत विमान एकदाचं रंगापर्यंत आलंय आणि आता हात चालत नाहीये, म्हणून विचारतो. रिमोटवर उडवायचं मॉडेल, दुसऱ्या महायुद्धातलं हॉकर हरिकेन मार्क टू-सी, १/५ स्केल, पंख २.४४ मीटर, प्लॅनवरून घरीच कापलेलं, ५५ सीसी पेट्रोल इंजिन, इलेक्ट्रिक रिट्रॅक्ट्स (मिटणारी चाकं). आपल्या एअर फोर्सच्या नंबर १ स्क्वाड्रनचं करायचंय, १९४४, इंफाळ, अर्जन सिंग कमांडर होते तेव्हाचं. स्पिटफायर सगळेच करतात, शिवाय त्याची चाकं इतकी जवळजवळ की आमच्या खडबडीत ग्राउंडवर दर लँडिंगला पंख टेकायचा. हरिकेनची चाकं आतल्या बाजूला मिटतात म्हणून उघडल्यावर चांगली फाकून उभी राहतात.

प्रश्न असा की उजव्या पंखाला २५ ग्रॅमचं ग्लासक्लॉथ (काचधाग्याचं कापड) आणि इपॉक्सी रेझिन मारून झालंय, छान कडक झालाय. आता कॉकपिटच्या मागे फ्युजलाजला (धडाला) नुसते फॉर्मर (आडव्या चौकटी) आणि स्ट्रिंगर (लांब पट्ट्या) आहेत. तिथे दीड मिलीचा बाल्सा (हलकं लाकूड) मढवून वर ग्लास करावं म्हणतोय, कारण ग्राउंडवर बाभळीचे काटे आहेत आणि कापड फाटेल. दुसरं म्हणजे रंग आत्ता जुलैत मारू की दिवाळीपर्यंत थांबू? घरचे म्हणतायत हॉलमधून काहीतरी एक हलव, विमान नाहीतर सोफा.

बाल्साबुवा (कोल्हापूर):
बाल्सा मढवू नका, हात जोडतो. दीड मिलीचा बाल्सा चौरस मीटरला सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास, वर ग्लास, रेझिन, प्रायमर, म्हणजे तीनशेच्या पुढे गेलात. कापड इस्त्रीने चिकटवायचं घेतलं तर शंभराच्या आत. आता हरिकेनचं नाक किती आखूड आहे बघा. तुमचं फ्युजलाज साधारण १.९७ मीटर, सीजी (विमानाचा तोल जिथे साधतो तो बिंदू) नाकापासून साठेक सेंटीमीटरवर येईल, फायरवॉलपाशी (इंजिनामागच्या भिंतीपाशी) शिसं लावायला पुढे जेमतेम पस्तीस सेंटीमीटर मिळतात आणि शेपूट मागे एकशेवीस. म्हणजे शेपटीच्या टोकाला १०० ग्रॅम वाढले की नाकात साडेतीनशे ग्रॅम शिसं भरायचं. हे मी पुस्तकातून नाही सांगत, माझ्या पहिल्या वॉरबर्डला (लढाऊ विमानाच्या मॉडेलला) मी शेपटीचे रडर आणि एलिव्हेटर हौसेने चकाचक घासून चार चार कोट मारले होते, नंतर नाकात सव्वा किलो शिसं घातलं आणि लँडिंगला ते दगडासारखं खाली यायचं. तिसऱ्या फ्लाइटला लँडिंग गिअर (चाकं) गेलं.

एकूण वजन किती धरलंय? १३ किलोच्या आत ठेवलंत तर तुमच्या पंखाला डेसिमीटर स्क्वेअरला १३६ ग्रॅम येतं, या साइजला ते आरामात उडतं. १५ झालं की मजा गेली.

रेडिंगकर:
बुवांचं बरोबर आहेच, पण मढवू नका म्हणायला मला आणखी एक कारण आहे, खऱ्या हरिकेनला तिथे कापडच होतं! मागच्या भागात लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी फॉर्मर-स्ट्रिंगर आणि वर कापड, शेपटीचे पृष्ठभाग पण कापडाचे. पंख सुरुवातीला कापडाचे होते, मग धातूचे झाले, तुमचं मार्क टू-सी असल्याने पंख धातूचे, तिथे ग्लास बरोबर आहे. लंडनला हेंडनच्या म्युझियममध्ये हरिकेन उभं आहे, मी एकदा तासभर त्याच्या शेपटीपाशीच रेंगाळलो, तिरक्या उजेडात कापडाखालचे स्ट्रिंगर अक्षरशः मोजता येतात. तुम्ही बाल्सा मढवून गुळगुळीत केलंत तर तीन वर्षं कापलेले स्ट्रिंगर दिसणारच नाहीत, मग कशाला कापले? दिल्लीला जाणं झालं तर पालमच्या म्युझियममध्ये पण एक आहे, जवळ पडेल तुम्हाला.

काट्याने फाटलं तर त्याच कापडाचं ठिगळ चिकटवायचं, युद्धात पण तेच करायचे.

आणि राउंडेलमध्ये (विमानावरच्या गोल खुणेत) लाल रंग टाकू नका. जपानी विमानांवर लाल गोळा असल्याने बर्मा आघाडीवर गोंधळ व्हायचा, म्हणून तिकडच्या विमानांवरचा लाल काढून गडद निळा आणि आत फिका निळा करत. वरून डार्क ग्रीन-डार्क अर्थ, खालून मीडियम सी ग्रे.

उडवा_आधी:
भाऊ सगळं ठीक पण पॅनल लाइन, रिव्हेट वगैरेच्या नादाला लागू नका, १० मीटरवरून कोण बघतंय. दोन वर्षं आणखी हॉलमध्ये राहील ते.

बाल्साबुवा (कोल्हापूर):
@उडवा_आधी उड्डाण दहा मिनिटांचं, बाकी दिवसभर विमान टेबलावरच असतं की हो, आणि लोक काय लांबून बघतात? नाक लावून बघतात. पॅनल लाइन दोन संध्याकाळींचं काम आहे. पातळ टेप लाइनवर चिकटवायची, वरून फिलर प्रायमरचे दोन-तीन हात, ४०० च्या पेपरने घासून टेप दिसायला लागली की सोलून काढायची, खाली नीट खाच मिळते. रिव्हेटसाठी इन्सुलिनची सिरींज, सुईचं टोक कापून बोथट करायचं, आत पाणी घातलेला फेविकॉल, पट्टी ठेवून टिपके देत जायचं. आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवा, पहिले पन्नास टिपके शेवयांसारखे ओघळतात. आणि हे फक्त पंखावर आणि इंजिनच्या पत्र्यावर, कापडावर रिव्हेट मारलेत तर रेडिंगकर विमानाने येतील.

गॅरेजवाला_नाशिक:
रंगाचं मी सांगतो, माझं डेंटिंग-पेंटिंगचंच काम आहे. जुलैत मारू नका. हवेत दमट असलं की रंगावर पांढुरकी झाक येते, आणि तुमच्या त्या ग्लासच्या इपॉक्सीवर पण चिकट मेणासारखा थर येतो, तो कोमट पाण्याने घासून धुतल्याशिवाय प्रायमर मारला तर पापुद्रे निघतात. उजवा पंख आत्ताच बोटाने बघा, बुळबुळीत लागतोय का.

गाड्यांना आम्ही लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरतो ती अख्ख्या पंखावर फासू नका, जड असते, खड्डा आहे तिथेच. वरून मॅट क्लिअर टू-के (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर) मारा, बाकीच्या क्लिअरवर पेट्रोल सांडलं की रंग मऊ पडतो. आधी तुकड्यावर मारून आठवड्याने पेट्रोलचा बोळा फिरवा, रंग निघाला तर विमानावर मारू नका. पण टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, रुमाल बांधून हॉलमध्ये मारायची गोष्ट नाही ती. एखाद्या स्प्रे-पेंटच्या बूथवाल्याला दोन तासाचे पैसे द्या, पण त्याला सांगून ठेवा की हात पातळ मार, आमच्या लोकांना चकचकीत जाड कोटाचीच सवय.

रेडिंगकर:
एक राहिलं, फिनला (शेपटीच्या उभ्या पात्याला) कापड ताणताना एका बाजूला पूर्ण इस्त्री करून मग दुसरी करू नका, पीळ बसतो. थोडं इकडे थोडं तिकडे.

माती_आणि_बाल्सा (डोंबिवली):
सगळ्यांचे आभार, दहा दिवसांनी लिहितोय. पंख बुळबुळीतच होता! दोनदा धुतला, आता कोरडा लागतोय. मढवायला आणलेला बाल्सा परत कपाटात. मागच्या भागाला कापड लावलं, पूर्ण शेपूट धरून २१० ग्रॅम वाढले, आणि फिनला पीळ बसलाच, कारण रेडिंगकरांचा मेसेज मी नंतर वाचला. पुन्हा गरम करून सरळ केला, नव्वद टक्के गेलाय.

इंजिन, दोन्ही बॅटऱ्या नाकात ढकलून सीजी बघितला, अजून ३८० ग्रॅम शिसं लागतंय, म्हणजे रंगाआधीच. बॅटऱ्या इंजिन माउंटच्या खाली जातील का बघतोय. एकूण ११.९ किलो. ड्रोन रूल्सचं एकाने मेसेजमध्ये विचारलं होतं, मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही, पण आमचं ग्राउंड ग्रीन झोनमध्ये (परवानगीशिवाय उडवायला मोकळ्या भागात) आहे का ते मॅपवर बघूनच जातो, तिथे ४०० फुटांपर्यंत चालतं.

रंग दिवाळीनंतर. तोवर राउंडेलचे मास्क कापतोय. सोफा भावाकडे गेला.