महापालिकेतले सगेसोयरे ठेकेदार आणि उधळलेला पैसा : तुम्ही स्वतः काय पाहिलंत ते लिहा

नमस्कार मंडळी. हा विषय बरेच दिवस डोक्यात होता. महापालिकेत पैसा खाल्ला जातो हे कोणी नव्याने सांगायला नको, पण तो नक्की कुठल्या कागदावरून जातो, कोणाच्या सहीने जातो, हे फार कमी लोक सांगतात. "सगळे चोर" म्हणून विषय मिटवला की ज्याला खरंच खायचंय त्याचं फावतं. म्हणून ज्यांनी स्वतः पाहिलंय त्यांनी लिहा, रहिवासी असो, पालिकेत नोकरी केलेले असो, ठेकेदार असो, निवडून आलेले असो.

दोन विनंत्या. आपल्या अनुभवात शहराचं, माणसाचं, फर्मचं नाव घालू नका. आणि पक्षावरून भांडण नको, आमच्याकडे सत्ता बदलली तरी ठेकेदार तेच राहिलेत. जे जगजाहीर आहे त्यावर खुशाल बोला. जळगावच्या घरकुल घोटाळ्याची फिर्याद २००६ ची आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना शिक्षा सुनावली ती २०१९ ला, पुढे अपिलं आलीच. मुंबईत मिठी नदीतला गाळ काढण्याच्या कामाचंही ताजं आहे, २०२५ मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा दाखल केला, आरोप साधारण ६५ कोटींचा. पण एवढ्या मोठ्या प्रकरणांच्या खाली रोज जे छोटं छोटं चालतं, मला ते ऐकायचंय.

———

मी सुरुवात करते. आमच्या सोसायटीसमोरचा फुटपाथ चांगला होता हो, एक ब्लॉक हललेला नव्हता, आणि फेब्रुवारीत अचानक ट्रॅक्टर आला आणि उखडायला सुरुवात. मुकादमाला विचारलं तर "मॅडम वरून ऑर्डर आहे". कामाचा फलक नाही, वर्क ऑर्डर बघायला मागितली तर साहेबांशी बोला, साहेब फोन उचलत नाहीत. मग माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, पण प्रती नाही मागितल्या, फाईल समोर बसून बघायचीये असं लिहिलं. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकांनी सुचवलं होतं, प्रती मागितल्या की ते ठरवतील तीच पानं हातात पडतात, स्वतः चाळली की टिपणीची पानं पण दिसतात.

तर फाईल एक नव्हती, चार होत्या. एकच फुटपाथ, पण चौक ते दवाखाना एक काम, दवाखाना ते शाळा दुसरं, असं करत चार कामं, आणि प्रत्येकाची रक्कम ई-निविदेच्या मर्यादेच्या जराशी आत. चार वेगवेगळ्या फर्म. पण लेटरहेड शेजारी शेजारी ठेवली तर दोघांचा मोबाईल नंबर एकच, आणि चारही कोटेशनवर डाव्या कडेला शाईची तीच उभी रेघ, प्रिंटर खराब असला की येते ना तशी. म्हणजे चारही "स्पर्धक" एकाच टेबलावर टाईप झालेले. आणि जुने ब्लॉक काढून डेपोत जमा करण्याचे पैसे बिलात घेतलेत, डेपोच्या रजिस्टरला नोंद शून्य. ते ब्लॉक कुठे गेले याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही.

———

आमच्याकडे बाकडी. बागेत बाकडी, बसस्टॉपला बाकडी, एका बोळात तर समोरासमोर अशी ठेवलीत की मधून रिक्षा जात नाही. प्रत्येकावर "यांच्या संकल्पनेतून". शाळेच्या मुलींच्या टॉयलेटला मात्र दार नाही आणि त्यासाठी निधी नाही असं लेखी उत्तर आहे माझ्याकडे.

———

मी पालिकेत ज्युनिअर इंजिनियर होतो, आता रिटायर. वर ताईंनी जे पाहिलं त्याला आम्ही कामाचे तुकडे पाडणे म्हणायचो. पण मला एक सांगायचंय, सगळ्यांचं लक्ष टेंडरवर असतं, खरा पैसा जातो एस्टिमेटमध्ये आणि एमबीमध्ये.

एस्टिमेटमधले दर डीएसआरचे, म्हणजे सरकारी दरसूचीचे असतात, त्याला कोणी हात लावत नाही. हात लागतो तो आयटमला आणि परिमाणाला. खोदाई मऊ मातीत असताना कठीण मुरुमात दाखवायची, राडारोडा दोन गल्ल्या सोडून टाकायचा आणि लीड, म्हणजे वाहतुकीचं अंतर, शहराबाहेरचं धरायचं. तरी हे सगळं कागदावर सापडतं. न सापडणारी गोष्ट म्हणजे जाडी. हिशोब करून बघा, १०० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद रस्ता, डांबराचा थर ५० मिलिमीटर दाखवला तर ३० घनमीटर माल झाला. जागेवर ३५ मिलिमीटर टाकला तर २१. नऊ घनमीटर खिशात, आणि एकदा रोलर फिरला की डोळ्याला काहीही कळत नाही, कोअर, म्हणजे रस्त्याला भोक पाडून थराचा नमुना, काढल्याशिवाय. आणि कोअर कुठे काढायचा हे ठेकेदाराला आधी माहीत असतं.

एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका. पानांना नंबर असतात, इंजिनियरने जागेवर जाऊन टेप लावून त्याच दिवशी नोंद करायची असा नियम. मी बघितलंय ती ठेकेदाराच्या ऑफिसात भरली जाताना. त्याचा पोरगा पेन्सिलीने आकडे लिहून ठेवायचा, आपण वरून पेन फिरवायचं आणि सही. मी एका गटाराच्या कामात नाही म्हटलं, कारण तिथे चेंबरच बांधलेले नव्हते, नुसती झाकणं जमिनीवर ठेवलेली होती. आवाज कोणीच चढवला नाही, ऑर्डर आली आणि पुढची काही वर्षं मी रेकॉर्ड रूममध्ये. माझ्या जागी आलेल्याने सही केली.

अजून एक, ३० टक्के बिलो, म्हणजे एस्टिमेटपेक्षा तेवढ्या कमी रकमेचं टेंडर आलं की पेपरात "पालिकेचे एवढे कोटी वाचले" म्हणून बातमी येते. अहो ते वाचत नाहीत. एक तर माल कमी पडतो, नाहीतर सहा महिन्यांनी एक्स्ट्रा आयटम आणि वाढीव कामाचा प्रस्ताव येतो आणि रक्कम होती तिथे परत.

———

ठेकेदार आहे, लहान. सगळे ठेकेदार चोर नसतात एवढं आधी लिहितो. मी टेंडर भरायला गेलो की अट बघायची सवय झालीये. पंधरा लाखाच्या गटारीला "स्वतःचा आरएमसी प्लांट (तयार काँक्रीटचा) अमुक किलोमीटरच्या आत" अशी अट असेल तर समजायचं काम कोणाचं आहे ते, कारण तेवढ्या अंतरात प्लांट एकाच माणसाचा आहे आणि तो कोणाचा कोण लागतो हे अख्ख्या शहराला ठाऊक. तरी एकदा भरलं. रात्री फोन आला, शिवी नाही धमकी नाही, "या वेळी थांबा, पुढचं तुम्हाला, दोघं नुसते सपोर्टला आहेत". याला रिंग म्हणतात, काम कोणाला ते आधीच ठरलेलं आणि बाकीचे नावापुरतं टेंडर भरणारे. मी थांबलो नाही, काम दर्जाचं केलं, बिल अडकलं. आधी अकाउंटला शंका, मग ऑडिटला शंका, मग फाईल सापडत नाही. त्या काळात मजुरांचे पगार मी बायकोचे दागिने ठेवून दिलेत. आता शहरात कामं घेत नाही, खाजगी बिल्डरकडे करतो.

———

^^ हे वाचून अंगावर आलं. म्हणजे प्रामाणिक माणूस बाहेर जातो आणि मग म्हणायला मोकळे की चांगले ठेकेदार मिळत नाहीत.

———

माझी आई घनकचरा विभागात कंत्राटी आहे, झाडूकाम. कंत्राट ज्याच्या नावावर आहे तो नगरसेवकाचा मेहुणा. हजेरीपत्रकावर जेवढी माणसं आहेत तेवढी रस्त्यावर नसतात, आईच्या ग्रुपला जेवढा एरिया आहे तो खरं तर दुप्पट माणसांचा. पगाराच्या दिवशी खात्यात पूर्ण किमान वेतन येतं आणि दुसऱ्या दिवशी मुकादम एटीएमपाशी उभा असतो त्याचा वाटा परत घ्यायला. देत नाही म्हटलं तर उद्यापासून येऊ नको. मी आईचा यूएएन (पीएफ खात्याचा नंबर) चालू करून पासबुक बघितलं तर स्लिपवर पीएफ कापलेला आणि पासबुकात कित्येक महिने कोरे. तक्रार पीएफ ऑफिसला केली, पालिकेला पण दिली कारण मूळ मालक म्हणून जबाबदारी त्यांचीच आहे. पीएफचे काही महिने भरले गेले. एटीएमवाला प्रकार अजून चालू आहे, तो सिद्ध कसा करायचा कोणी सांगेल का? लोकांना वाटतं भ्रष्टाचार म्हणजे रस्त्यावरचे खड्डे, आमच्या घरात तो दर महिन्याच्या किराणाचा प्रश्न आहे.

———

अकाउंटला होतो, त्यामुळे वर्गीकरणाबद्दल लिहितो कारण त्यावर कोणीच बोलत नाही. बजेट मंजूर होतं तेव्हा शाळा दुरुस्ती, ड्रेनेज, दवाखान्याची औषधं अशी हेडं, म्हणजे खर्चाची खाती, छान भरलेली असतात, पेपरात छापून येतं, लोक खूश. मग डिसेंबर उजाडला की प्रस्ताव यायला लागतात की अमुक हेडावरचा निधी खर्च होण्याची शक्यता नाही, सबब तो तमुक प्रभागातल्या सुशोभीकरणाकडे वर्ग करावा. खर्च होण्याची शक्यता का नाही? कारण त्याचं टेंडर मुद्दाम काढलंच नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तर बिलांचे गठ्ठे येतात, त्यात कमानी, रंगवलेल्या भिंती, कापडी पिशव्या वाटप, आणि तिकडे पावसाळी लाईनचं काम पुढच्या वर्षाला ढकललेलं. जूनमध्ये त्याच वस्तीत पाणी शिरतं. तुम्हाला तुमच्या शहराचं खरं बजेट बघायचं असेल तर फेब्रुवारीत मांडतात ते नका बघू, वर्षभरात झालेल्या वर्गीकरणांची यादी मागा.

———

मी एक टर्म नगरसेविका होते, महिला राखीव वॉर्डातून. स्थायी समितीत पण होते, तिथे सोळा जण असतात आणि पैशाचे मोठे विषय तिथूनच जातात. विषयपत्रिका आधी मिळते, डॉकेट, म्हणजे विषयाचे कागद, वाचायला मिळतं, मी वाचून जायचे. पण खरे विषय त्यात नसायचेच. ते यायचे ऐनवेळी. सभापती म्हणणार "ऐनवेळचे विषय दाखल", कोणीतरी सूचक, कोणीतरी अनुमोदक, वाचन नाही, कागद हातात नाही, मंजूर. नाहीतर उपसूचना, मूळ विषय पाण्याच्या टाकीचा आणि त्याला जोडून उपसूचना भलत्याच ठेक्याच्या मुदतवाढीची. मी विरोध नोंदवा म्हटलं की पक्षाचेच लोक बाहेर घेऊन समजावायचे, वहिनी तुमच्या वॉर्डातली कामं पण आहेत ना या यादीत. आणि खरंच अडायची, विरोध केल्यावर माझ्या वॉर्डातली पाईपलाईन वर्षभर अडली, त्याची शिक्षा बायकांनी टँकरमागे पळून भोगली. हे दुखणं मोठं आहे, प्रामाणिक राहिलं तर भरपाई मतदार करतो.

मेहुण्याबद्दल वर आलंय म्हणून सांगते. १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम १० आहे, पालिकेच्या ठेक्यात नगरसेवकाचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, थेट किंवा आडून हितसंबंध असेल तर पद जातं. म्हणूनच फर्म मेहुण्याच्या, भाच्याच्या, ड्रायव्हरच्या नावावर असते, आणि "आडून" हे कोर्टात सिद्ध करायला बँकेच्या नोंदी लागतात, ज्या सामान्य माणसाच्या हाती येत नाहीत. भाऊ, हजेरीपत्रक, पगारपत्रक आणि आईचं बँक स्टेटमेंट एकत्र ठेव. एकटी आई नको, पाच-सहा जणींच्या खात्यातून पगाराच्या दुसऱ्याच दिवशी तेवढीच रक्कम निघालेली दिसली तर तो पुरावा बोलतो. आणि तक्रार युनियनच्या नावाने करा, आईच्या नाही.

———

नगरसेवक गेले तर हे थांबेल असं वाटणाऱ्यांसाठी. २०२२ पासून कितीतरी महापालिकांत प्रशासक होते, स्थायी आणि सर्वसाधारण सभेचे अधिकार एकाच खुर्चीत. मी पत्रकारिता करतो, आधी निदान सभेत बसून ऐकता यायचं, विरोधक दोन कागद तरी हातात द्यायचे. त्या काळात ठराव झाल्याचंच आम्हाला नंतर कळायचं. शिवाय कलम ६७ (३) (क) आहे, आणीबाणीत आयुक्तांना टेंडरशिवाय तातडीचं काम करून घेता यावं म्हणून दिलेलं. पूर आला, पूल खचला, तर हवंच ते. पण ते कलम स्वागत फलकांना आणि कार्यक्रमाच्या मांडवाला लावलेलं मी कागदावर पाहिलंय.

———

एक बरं झालेलं पण सांगतो. आमचा रस्ता डांबरी झाला आणि पहिल्याच पावसात सोलून निघाला, पालिकेने लगेच नवीन पॅचवर्कचं एस्टिमेट बनवायला घेतलं. आम्ही मूळ वर्क ऑर्डर काढली, त्यात दोष दायित्व कालावधी तीन वर्षं लिहिलेला. म्हणजे तोपर्यंत दुरुस्ती ठेकेदाराने पदरच्या पैशाने करायची. सगळ्या सोसायट्यांनी मिळून एकच पत्र दिलं, सोबत त्या पानाची प्रत, आणि लिहिलं की नवीन एस्टिमेट मंजूर केलं तर सही करणाऱ्याची वैयक्तिक जबाबदारी धरायला लावू. ठेकेदार आला, खरवडून परत केला. अभियंता नंतर म्हणाला की डीएलपीची तारीख बघायची पद्धतच राहिली नव्हती. तुमच्या रस्त्याची ती तारीख काढून ठेवा, पहिली गोष्ट.

———

रिटायर्ड इंजिनियर काका, फुटपाथवाली मी परत. एमबी मागायची तर अर्जात नक्की काय लिहू? मागच्या वेळी "माहिती व्यापक स्वरूपाची आहे" म्हणून एक अर्ज फेटाळला त्यांनी.

———

ताई, महाराष्ट्राच्या नियमात एक अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून चार कामांचे चार अर्ज करा. "संबंधित सर्व माहिती" असं कधी लिहू नका, तिथेच ते धरतात. असं लिहा :

"अमुक रस्त्यावरील पदपथाचे काम, कार्यादेश क्रमांक व दिनांक अमुक. या एका कामाची १) मंजूर अंदाजपत्रक २) मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने ३) अंतिम देयक ४) काढलेले साहित्य जमा केल्याची पावती, यांची प्रथम पाहणी करावयाची आहे. पाहणीनंतर निवडलेल्या पानांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात. तसेच कलम २ (ञ) नुसार वापरलेल्या ब्लॉकचा प्रमाणित नमुना द्यावा."

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या. तीस दिवसांत काही आलं नाही तर त्यापुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपये. नमुन्याचं वाक्य काढू नका, बहुतेकांना हे माहीतच नाही की कायद्यात साहित्याचा नमुना मागता येतो. शिवाय नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना रेकॉर्ड बघायला मिळायला हवं, तुमच्याकडे चालू असेल तर आधी तिकडे जाऊन फाईल नंबर टिपून घ्या. जाताना टेप घेऊन फुटपाथची रुंदी स्वतः मोजून जा, एमबीतल्या आकड्याशी तिथल्या तिथे ताडता येईल. आणि नोंदीची तारीख बघा, काम चालू व्हायच्या आधीची निघते कधीकधी.