वीजदरांवरील जनसुनावणीमुळे आयोगावरचा विश्वास वाढतो का?

प्रश्न : वीज कायदा, 2003 च्या कलम 64 नुसार कंपनीची दरयाचिका जाहीर होते आणि लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेऊन राज्य वीज नियामक आयोगाने 120 दिवसांत आदेश द्यायचा असतो. तरीही दर बहुधा वाढतातच. मग या प्रक्रियेमुळे ग्राहकाचा विश्वास वाढतो, की सगळे आधीच ठरलेले असते ही शंकाच बळावते? प्रथमच हरकत पाठवण्याचा विचार आहे, म्हणून विचारतो.

उत्तर 1 : दर घटला का, एवढाच निकष लावल्यास निराशाच पदरी पडेल. महाराष्ट्रातील पहिल्या दरप्रक्रियेच्या वेळी, 1999-2000 मध्ये, तत्कालीन वीज मंडळ आपली गळती 18 टक्क्यांच्या आसपास सांगत होते. मीटर नसलेल्या कृषिपंपांच्या नावे दाखवलेला वापर खरोखर तेवढा आहे का, हे पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी आयोगासमोर खोदून विचारले, तेव्हा गळतीचा आकडा 30 टक्क्यांच्या वर गेला. शेतकऱ्याच्या खात्यावर टाकलेली बरीचशी वीज गळतीत आणि चोरीत जात होती. ही झाकली मूठ मंडळाने आपणहून उघडली असती, असे मला वाटत नाही.

उत्तर 2 : उदाहरण योग्य आहे, पण ते काम अभ्यासू संस्थेने केले, हे विसरू नये. शेकडो पानांची तक्ते-आकड्यांची याचिका वाचून घ्यायला उद्योगांकडे सल्लागार असतात. पंपधारक शेतकऱ्याकडे कोण असते? कलम 94 नुसार आयोग ग्राहकांच्या वतीने प्रतिनिधी नेमू शकतो, आणि ही तरतूद मला सुनावणीच्या सभागृहापेक्षा महत्त्वाची वाटते.

उत्तर 3 : ऐकून घेणे आणि उत्तर देणे यांत फरक आहे. कॉल तुटल्यास ग्राहकाला 1 रुपया, दिवसाला जास्तीत जास्त 3 रुपये, भरपाई देण्याचा ‘ट्राय’चा, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, नियम सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये रद्द केला. सल्लामसलत झाली होती, तरी नियम मनमानी आणि अपारदर्शक ठरला. वीजदराच्या आदेशात हरकत, तिच्यावर कंपनीचे उत्तर आणि आयोगाचा निर्णय असे तिन्ही छापलेले असते. आपल्या मुद्द्याला तिथे काय कारण दिले आहे, ते आधी पाहावे. म्हणूनच हरकत मोघम नको. याचिकेतील तक्ता व परिच्छेद यांचा क्रमांक द्यावा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ‘दरवाढ अन्यायकारक आहे’ एवढेच लिहून ठेवले होते. ते बाजूला ठेवून आता कृषिपंपांच्या वापराचा तक्ता वाचायला घेतो.